पद्मिनी घाटात उकळते. नवा रेडिएटर घातला तरी उकळते

साखरपा मागे पडून आंबा घाटाची वळणं सुरू झाली की माझं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं टेंपरेचरच्या काट्यावर असायचं. चौथ्या-पाचव्या वळणाला काटा शंभराकडे सरकायचा, बॉनेटच्या फटीतून वाफेची रेघ निघायची आणि मागच्या सीटवरून आई म्हणायची, "तरी म्हटलं होतं, एसटीनं जाऊया." सलग तीन मे महिने हे असंच झालं. त्यातला तिसरा मे नवाकोरा रेडिएटर घातल्यानंतरचा. म्हणून हे सविस्तर लिहितोय. ज्यांची जुनी गाडी रेडिएटर बदलूनही परत गरम होते, त्यांच्या कामाचं यात बरंच निघेल.

गाडी १९८७ ची प्रीमियर पद्मिनी, बाबांची. १०८९ सीसीचं जुनं फियाटचंच इंजिन. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य धड, बिडाचा; त्यावर झाकणासारखं ॲल्युमिनियमचं हेड. पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर, फॅन बेल्टने फिरणारा. इंजिनातलं गरम पाणी निववणारा रेडिएटर तांब्या-पितळेचा, वर एक टाकी, खाली एक टाकी, मधे उभ्या नळ्यांची जाळी. एसी नाही. वर्षभर गाडी कोल्हापुरातच फिरते आणि मेमध्ये एकदा रत्नागिरीकडे गावाला जाते. जाताना घाट उतरायचा असतो, त्यामुळे गाडी शहाण्यासारखी वागते. परतीला डिकीत आंब्याच्या पेट्या, मागे तीन माणसं आणि वर मेचं ऊन, तेव्हा तिचे गुण दिसतात.

पहिल्या मेनंतर मिस्त्रींनी थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच त्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, काढून टाकला. "आपल्या हवेला तो लागतच नाही" हे वाक्य जुनी गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी ऐकलेलं असतं. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल तर काढल्याने गाडी खरंच निवते; पण मग दोष त्या थर्मोस्टॅटचा होता, नवा घालायला हवा. नुसता काढून ठेवला की इंजिन सकाळी कितीतरी वेळ थंडच चालतं, पेट्रोल जास्त पितं, आणि काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडी राहिल्यामुळे थोडं पाणी रेडिएटरला न जाता मधल्या मधे फिरत राहतं. माझा थर्मोस्टॅट मी नंतर पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर घेऊन उकळून पाहिला. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो मुकाट उघडला. दोष नव्हताच, म्हणून परत बसवला.

दुसऱ्या मेला उकळली तेव्हा कोणीतरी सांगितलं, टोपण बदल. सल्ला बरोबर होता, मी केलं ते चुकलं. रेडिएटरचं टोपण म्हणजे नुसतं झाकण नाही, आतला दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह आहे. दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं, एका पीएसआयला (हे दाबाचं माप) साधारण दीड अंश. म्हणजे सात पीएसआयचं टोपण धड असेल तर समुद्रसपाटीला १०० ऐवजी ११० अंशांच्या पुढे. उलट रबर वाळलेलं असेल तर दाब धरलाच जात नाही, आणि घाट चढताना दर तीनशे मीटरला उकळण्याचा बिंदू आणखी एकेक अंशाने खाली येतो. महाबळेश्वरला, १३७२ मीटरवर, उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळायला लागतं. तर टोपण स्वस्त आहे, आधी तेच बदला. फक्त त्यावरचा आकडा जुन्या टोपणाशी जुळवा. मी दुकानात जे बसलं ते आणलं, ते नव्या धाटणीच्या गाडीचं ०.९ बारचं, म्हणजे साधारण तेरा पीएसआयचं होतं, माझ्या जुन्यापेक्षा बरंच चढं. आठवड्यात वरच्या टाकीची झाळ, म्हणजे डाग देऊन केलेला जोड, उसवली आणि पार्किंगमध्ये डबकं साचलं.

अशा रीतीने रेडिएटर बदलायची वेळ आली. म्हणजे मी आणली.

तुम्ही माझ्यासारखी पाना हातात घ्यायची घाई करू नका. आधी एक कागद घ्या आणि गाडी नेमकी कधी गरम होते ते आठवडाभर लिहा. याच्याइतकी कामाची आणि फुकटची तपासणी दुसरी नाही.

गर्दीत, सिग्नलला काटा चढतो आणि मोकळा रस्ता लागला की उतरतो, तर पाणी ठीक आहे, हवा कमी पडतेय. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून पाहा, बोटभर जाडीपेक्षा जास्त दबत असेल तर ढिला आहे. पंखा कुणी उलटा तर बसवला नाही ना तेही बघा; हसू नका, मी एक पाहिलाय. जाळीच्या पंखांत, म्हणजे नळ्यांमधल्या त्या पातळ पत्र्यांत, किडे, उसाचं पाचट आणि चिखल किती आहे ते मागून टॉर्च लावून बघा. उजेड आरपार दिसला पाहिजे. याच्या उलट, शहरात निमूट असते पण हायवेला सत्तर-ऐंशीने अर्धा तास पळाली की काटा चढतो, तर हवा भरपूर आहे, पाणी पुरेसं फिरत नाहीये. जाळीच्या नळ्या बुजल्यात, खालचा होज (रबरी नळी) आत ओढला जातोय किंवा वॉटर पंपाचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं पात्यांचं चाक, झिजलाय. सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच उकळत असेल तर थर्मोस्टॅट, अडकलेली हवा किंवा हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्या मधली पातळ पट्टी. घाटात मात्र यातलं काहीही असू शकतं, कारण तिथे इंजिनावर पूर्ण भार आणि समोरून वारा जवळजवळ नाही. पेट्रोलमधल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा पाण्यात जातो, आणि घाटात पेट्रोल सर्वांत जास्त जळतं. म्हणून "घाटात गरम होते" एवढ्यावरून निदान होत नाही. सपाटीवर ती कशी वागते ते सांगा, मग बोलू.

माझी वही असं सांगत होती: महाद्वार रोडच्या गर्दीत काही नाही, साताऱ्याकडे जाताना कराड येईपर्यंत काटा वर. म्हणजे पाणी. इथवर माझं निदान बरोबर होतं.

जाळी बुजली आहे का हे हाताने कळतं. गाडी चांगली तापवा, इंजिन बंद करा, पंखा थांबू द्या, मग जाळीवरून हात जवळून फिरवा. वरून खाली येताना उष्णता हळूहळू कमी व्हायला हवी. मधेच एखादा उभा पट्टा थंडगार लागला तर त्या नळ्यांतून पाणी जातच नाही. माझ्या जाळीत डावीकडे वीतभर रुंदीचा असा पट्टा होता. काहीजण बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरतात. छान आहे, पण चकचकीत पितळेवर तो साफ खोटं बोलतो, आकडा बराच कमी दाखवतो. काळ्या इन्सुलेशन टेपचे तुकडे चिकटवा आणि त्यांच्यावर नेम धरा.

खालच्या होजचंही सांगून टाकतो, कारण हा दोष भल्याभल्यांना चकवतो. वॉटर पंप खालच्या होजमधून पाणी ओढतो. रबर जुनं झालं की ओढीने होज चपटा होतो, पाण्याची वाट बंद. उभ्या गाडीत हळू चालणाऱ्या इंजिनाला काहीच दिसत नाही. तापलेल्या इंजिनाला हाताने रेस द्या आणि होजकडे बघत राहा. बऱ्याच होजच्या आत यासाठीच तारेची स्प्रिंग असते. नवीन होज आणताना जुनी स्प्रिंग फेकू नका, गंजली नसेल तर परत घाला. मी फेकली होती, मग कचऱ्याच्या डब्यातून काढली.

हेड गॅस्केटची तपासणी थंड इंजिनावर होते. फॅन बेल्ट काढा म्हणजे पंप फिरणार नाही, रेडिएटर काठोकाठ भरा, टोपण उघडं ठेवा आणि इंजिन जेमतेम अर्धं मिनिट चालवा. पाण्यातून एकसारखे बुडबुडे यायला लागले तर सिलिंडरमधला धूर पाण्यात शिरतोय, आणि मग रेडिएटर कितीही नवा घाला, उपयोग नाही. ठिणगी पडायचं टायमिंग मागे पडलं असेल तरीही इंजिन तापतं. पॉइंटची फट आणि टायमिंग जमत असेल तर याच वेळी तपासून घ्या.

आता बदलायचं काम.

पद्मिनीचा रेडिएटर मिळवणं हा वेगळाच अध्याय झालाय. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाइट म्हणून, पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी म्हणून ही गाडी बनत होती. मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सी धावत होत्या तोवर तिच्या सुट्या भागांना तोटा नव्हता. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्यात नाना पेठेत विचारलं तर आधी दुकानदार तुमच्याकडे कौतुकाने बघतो आणि मग "जुना घेऊन या, बघू" म्हणतो. मला एक नवा, तांब्या-पितळेचाच, नाना पेठेत मिळाला. आज परत करायची वेळ आली तर मी नवा शोधत बसणार नाही. टाक्या आणि बाजूच्या पट्ट्या धड असतील तर जुन्यालाच नवी जाळी बसवून घेईन, कारण मापं तंतोतंत आपली राहतात. नव्याची बोल्टची भोकं माझ्या गाडीला चार-पाच मिलिमीटर चुकली होती.

पाणी सोडायला गाडी पूर्ण थंड हवी. कोमट नाही, थंड. घाटात उकळल्यावर सुद्धा निदान अर्धा-पाऊण तास टोपणाला हात लावू नका. नंतर जाडं ओलं फडकं टाकून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा आणि सुसकारा थांबू द्या. त्या वाफेने चेहरा भाजलेला माणूस मी पाहिलाय. आणि तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतू नका, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. इंजिन हळू चालू ठेवून, थोडं थोडं.

माझ्या रेडिएटरच्या खालचा ड्रेन कॉक उघडला तर धार नाहीच, थेंब. तार घालून टोकरलं तेव्हा आधी विटकरी चिखल आला आणि मग पाणी. मला आनंदच झाला: बघा, रेडिएटर खराबच होता! हा चिखल आला कुठून, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. पुढचं वर्षभर मी त्याची किंमत मोजली.

बाकी काम अवघड नाही. खाली घमेलं ठेवा. माझ्या गाडीतून साडेचार लिटरच्या आसपास निघालं. जुना कूलंट (पाण्यात मिसळायचं रसायन) असेल तर गटारात किंवा अंगणात सोडू नका, चवीला गोड असतो आणि कुत्री-मांजरं चाटून मरतात. झाकणाच्या डब्यात भरून ठेवा. जुने होज ओढून काढायच्या फंदात पडू नका. रेडिएटरच्या तोटीला ते चिकटलेले असतात आणि जोर लावला की तोटीची झाळ सुटते. ब्लेडने उभा छेद द्या आणि सोलून काढा, होज तसेही नवेच घालायचे आहेत. बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. रेडिएटर वर उचलताना पंख्याची पाती जाळी खरवडतात, म्हणून दोघांच्या मधे पुठ्ठा सरकवा. मी हे शिकलो ते नव्या रेडिएटरवर ओरखडा पडल्यावर.

भोकं जुळत नसतील तर पट्टी वाकवून बोल्टवर ताणू नका. ताणलेला रेडिएटर रस्त्याच्या हादऱ्यांनी झाळेतच तडकतो. कानशीने भोक लांबट करा आणि मधे रबराच्या चकत्या घाला. होजच्या क्लिपा आवळताना पितळी तोटी चेपते हे लक्षात ठेवा. गळत नाही एवढंच आवळायचं, गाडी तापून थंड झाल्यावर परत एक पाव फेरा. रंग लावायचा असेल तर काळ्याचा एक पातळ हात. घराच्या गेटला लावतो तसला ऑइल पेंट जाळीवर थापलात तर तिला स्वेटरच घातलात.

हे सगळं करून मी रविवारी संध्याकाळी गाडी सुरू केली. काटा ८५ वर स्थिर. त्या हिवाळ्यात पुण्याला दोनदा जाऊन आलो, काही नाही. मित्रांना फोटो पाठवले.

मेमध्ये, त्याच घाटात, बहुधा त्याच वळणावर, परत उकळली.

या वेळी आई काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात जुन्या पद्धतीचे एक रेडिएटरवाले आहेत. अंधारी खोली, कोपऱ्यात पाण्याचा हौद, स्टोव्हवर झाळायचं लोखंड. ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकच्या रेडिएटरांमुळे आता तांब्या-पितळेचं काम करणारी माणसं कमी होत चालली आहेत, तुमच्या गावात असतील तर त्यांचा नंबर जपून ठेवा. त्यांनी माझा दहा महिन्यांचा रेडिएटर हातात घेतला, नुसता तोलला आणि म्हणाले, "जड लागतोय की." वरची टाकी झाळ सोडवून उचलली. आत नळ्यांच्या तोंडांची रांग दिसायला हवी होती. तिसरा हिस्सा तोंडांवर विटकरी लगदा बसला होता.

"दादा, जाळी नवी घातलीसा, पन गाळ जुनाच ठेवलासा की."

एवढ्या एका वाक्यात माझं वर्ष त्यांनी उलगडून ठेवलं. रेडिएटर हा पाण्याच्या वाटेतला सर्वांत बारीक नळ्यांचा भाग, म्हणजे खरं तर गाळणी. ब्लॉकमध्ये साठलेला गंज पाण्याबरोबर सुटतो आणि पहिला अडकतो तो याच नळ्यांच्या तोंडाशी. मी गाळणी बदलली आणि मोठ्या अभिमानाने तीच चहापत्ती परत ओतली.

गंज आला कुठून? बिडाच्या ब्लॉकमध्ये वर्षानुवर्षं साधं पाणी, तेही कधी नळाचं, कधी बोअरचं. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला" असं बाबांचं म्हणणं होतं आणि त्यांच्या पिढीतल्या बहुतेकांचं. कूलंटचं नाव फसवं आहे. आपल्या हवेत त्याचं मुख्य काम गारठा अडवणं नाही, गंज अडवणं आहे. बोअरच्या पाण्यातले क्षार तर चहाच्या भांड्याला बसतात तसे आत थर धरतात, आणि थरातून उष्णता नीट जात नाही.

ब्लॉक धुण्याचं काम मी दोन रविवार केलं, आणि रेडिएटर बदलण्यापेक्षा हेच खरं काम होतं. इंजिन ब्लॉकच्या बाजूला पाणी सोडायचा प्लग असतो. पहिल्या वेळी तो गंजून बसला होता, तेव्हा "कशाला छेडायचं" म्हणून मी सोडून दिला होता. या वेळी तीन रात्री स्प्रे मारून, नीट बसणारा रिंग पाना लावून सोडवला. प्लग हातात आला आणि भोकातून काहीच आलं नाही. आत इंजिनभर पाणी, आणि थेंब नाही. ब्रेकच्या जुन्या केबलची तार वाकवून आत ढोसली तेव्हा चहाच्या गाळासारखं काहीतरी घळघळलं, मग काळं पाणी, मग विटकरी. पाणी ब्लॉकच्या तळाशी सर्वांत हळू फिरतं, गाळ तिथे बसतो. तो नंतर वाळवला तर चहाचे दोन कप भरला.

मग थर्मोस्टॅट काढून, वरचा होज सोडून, बागेचा पाइप हेडच्या तोंडाला लावला आणि पाणी उलट्या दिशेने, म्हणजे पंपाकडून बाहेर पडेल असं सोडलं. उलट सोडायचं कारण, रोजच्या प्रवाहाने जो गाळ कोपऱ्यात दाबून बसवलाय तो उलट्या प्रवाहाने सुटतो. पुढे लिंबूसत्त्व. किराणा दुकानात मिळतं तेच, चार-साडेचार लिटर पाण्याला शंभर-सव्वाशे ग्रॅम. इथे एक युक्ती त्या रेडिएटरवाल्यांनी दिली, ती मला सर्वांत मोलाची वाटते: धुताना गाडीला जुना, फेकायचा रेडिएटर लावा. माझा उसवलेला माळ्यावर पडला होताच. गळू दे, खाली घमेलं आहे. सुटलेला गाळ नव्या जाळीत जाण्यापेक्षा त्याच्यात जाऊ दे. टोपण न लावता इंजिन वीस-पंचवीस मिनिटं चालवलं, गरम असतानाच सोडलं, साध्या पाण्याने तीनदा धुतलं, परत एकदा लिंबूसत्त्व, परत साधं पाणी. चौथ्या फेरीला पाणी पावसाळ्यातल्या पंचगंगेसारखं नव्हतं, नळासारखं आलं.

लिंबूसत्त्व रात्रभर आत ठेवू नका, हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि झाळही मऊ. धुण्याचा सोडा तर ॲल्युमिनियमला मुळीच नको. संडास साफ करायचं ॲसिड घालणारे शूर लोक आहेत. त्यांची इंजिनं मी पाहिली नाहीत आणि पाहायची इच्छाही नाही.

रेडिएटरवाल्यांनी तोवर माझी जाळी सळ्या घालून साफ केली, टाकी परत झाळली, तोट्यांना बूच मारून हवा भरली आणि हौदात बुडवली. एकही बुडबुडा नाही. नवीन घेतला तरी ही हौदाची परीक्षा करून घ्या, गाडीला लावल्यावर गळती शोधण्यापेक्षा कितीतरी सोपं.

दुसरी युक्ती लेडीज सॉक्सची. बायकोच्या पातळ नायलॉनच्या जुन्या मोज्याचा पाऊलभर तुकडा वरच्या होजच्या तोंडात, रेडिएटरकडच्या बाजूला, पिशवीसारखा घालून त्याच्या कडेवरून होज चढवायचा. इंजिनातून येणारं गरम पाणी आधी त्यातून गाळलं जातं. पहिल्या दिवशी वीस किलोमीटरनंतर, मग शंभर, मग पाचशे, असा काढून बघायचा. माझ्यात पहिल्या खेपेला बोटभर गाळ, पाचशेनंतर नुसती पूड. मग तो काढून टाकला. हे तात्पुरतंच, गाळ भरलेला मोजा विसरलात तर तोच पाणी अडवेल.

भरताना मी एक भाग हिरवा, जुन्या पद्धतीचा कूलंट आणि दोन भाग बॅटरीचं पाणी घेतलं. निम्मं-निम्मं करायची गरज आपल्या हवेत नाही, आणि साधं पाणी कूलंटपेक्षा उष्णता जास्त वाहून नेतं. नव्या गाड्यांचे केशरी-गुलाबी कूलंट झाळ असलेल्या जुन्या रेडिएटरला मी घालत नाही. दोन रंग एकमेकांत तर अजिबात मिसळू नका.

हवा काढणं हे शेवटचं, आणि घाईत राहून जाणारं. गाडीचं तोंड चढाला करून उभी करा म्हणजे रेडिएटरचं तोंड सर्वांत उंच येईल. टोपण उघडं, इंजिन हळू, होज हाताने दाबत-सोडत राहा. बुडबुडे येतात. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा भरा. मी थर्मोस्टॅटच्या कडेच्या चकतीला तीन मिलिमीटरचं भोक पाडून ते वरच्या बाजूला येईल असा बसवला, त्यातून अडकलेली हवा निघून जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत परत पातळी बघितली, पाव लिटर बसलं.

ऑक्टोबरच्या उन्हात मुद्दाम साखरप्यापर्यंत उतरलो आणि भर दुपारी परत वर आलो. डिकीत आंब्याऐवजी पाण्याचे कॅन, मागे दोन मित्र, दोघेही वजनदार. काटा ८८ ते ९२. मग एक प्रयोग म्हणून मधल्या चढावर दुसऱ्याऐवजी तिसऱ्या गिअरमध्ये घुरघुरत चढवली, तर किलोमीटरभरात ९७. परत दुसरा टाकला, उतरला. पंखा आणि पंप दोन्ही इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात; फेरे कमी म्हणजे वारा कमी, पाणी कमी, आणि भार तेवढाच. बाबा पेट्रोल वाचवायला तिसऱ्यातच घाट चढायचे. तेव्हा ब्लॉक स्वच्छ होता, म्हणून चालून गेलं असेल.

इलेक्ट्रिक पंखा बसवावा का असं तिघांनी विचारलंय. शहरातल्या गर्दीत उपयोग होतो. पण डायनॅमोवाल्या गाडीत आधी तेवढी वीज आहे का बघा, आणि बुजलेल्या जाळीवर तो काहीच करू शकत नाही.

सध्या माझ्या वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून रात्रीत दोन-तीन थेंब पडताहेत. सील चाललंय. कुणाकडे पद्मिनीच्या पंपाची सील-बेअरिंग किट असेल तर कळवा, मेच्या आत उरकायचंय.